बाकड्याकडे एकदा वळून बघा

काही सांगायचं झालं की काका आधी मूठ तोंडासमोर धरायचे. अंगणात, दुकानात, मयताला गेले तरी. आमच्या गावच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं माइक धरून गाड्या पुकारलेला माणूस, हाताला दुसरं वळणच उरलं नव्हतं. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," असं म्हणून ते जेवायला वाढायला सांगायचे. काकी आतून म्हणायच्या, "हितं कोण प्रवासी न्हाय. पाट घ्या नि बसा."

ते आमचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण, आणि तेही आम्ही पोरांनी ये-जा करून मोडलेलं.

तुमच्याही गावच्या स्टँडवर असा एखादा आवाज असेल. पण आमच्या काकांची एक खोड होती. पालीची गाडी असो, माणगावची असो की अलिबागची, पुकारून झालं की ते हळूच जोडायचे, "बाकड्याकडे एकदा वळून बघा, काही राहिलं नाही ना." हे कुठल्या नियमात नव्हतं. त्या एका वाक्यानं किती छत्र्या आणि डबे वाचले असतील, देव जाणे. एकदा एका बाईचा झोपलेला नवरासुद्धा वाचला.

रविवारी सकाळी आळीतली सगळी पोरं काकांच्या टीव्हीपुढे असायची. तेव्हा एक मालिका लागायची. आईबाप आणि दोन मुलं अंतराळात भटकतायत आणि त्यांच्या मागावर अर्धा माणूस, अर्धं यंत्र. अर्धं तोंड धातूचं, एक डोळा लाल. आम्ही त्याला लोखंड्या म्हणायचो. पडद्यावर राक्षस आले, स्फोट झाले, तरी आम्ही चुरमुरे खात बसायचो. लोखंड्या आला की मी काकांच्या पाठीमागे जायचे.

एका भागात कळलं की लोखंड्या म्हणजे त्या मुलांचा हरवलेला सख्खा मामा. त्यानं मुलांना कोपऱ्यात गाठलं आणि त्यांच्या लाडक्या नावांनी हाक मारली, सपाट आवाजात. मी रडायलाच लागले.

"चिंगे, लोखंडाला काय घाबरतेस गो?" काका म्हणाले. "आपलं गणपतीचं मखर पण पत्र्याचं हाय."

"मग भीती कशाची वाटते?"

काकांनी मूठ तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. माइक खरखरला आणि लोखंड्याचा आवाज आला. "पालीची गाडी लागली आहे. धक्काबुक्की करू नका. उपयोग नाही." बस. पुढे काही नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं रांगेत गाडीत चढले. त्या स्टँडवर रांग मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. साहेबांनी काकांना चांगलंच झापलं, आणि कुणाची तरी वालाच्या शेंगांची पिशवी बाकड्यावर तशीच राहिली.

संध्याकाळी काका कुंपणापाशी आले. "वरडलो का मी? न्हाय. शिव्या दिल्या? न्हाय. फकस्त बाकड्याचं सांगितलं न्हाय. तुझं काय राहिलं, काय गेलं, त्याचं मला काय बी न्हाय, असं ज्या आवाजात कळतं ना, त्याला माणूस घाबरतो. त्या मामाला पोरांची नावं आठवतात गो. माया आठवत न्हाय."

मी पुढे शिकले, माणगावच्या शाळेत शिक्षिका झाले, रोज त्याच स्टँडवरून जाऊ लागले. काका निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. मुंबईला नेऊन स्वरयंत्र काढलं. घरी आले ते एक टॉर्चएवढं यंत्र घेऊन. ते गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की आवाज निघे.

मी भेटायला गेले. काकांनी यंत्र मुठीत धरून गळ्याला लावलं. "चिंगे. ये. बस."

लोखंड्या. तोच सपाट आवाज, आणि माझं लाडकं नाव. मी चांगली तिशीची बाई, पण एक पाऊल मागे सरले. काकांनी ते बघितलं. यंत्र कपाटाच्या खणात ठेवलं आणि पाटी-पेन्सिल काढली. त्यानंतर चार महिने ते कुणाशी बोलले नाहीत. माझ्या हातून याहून वाईट काही घडल्याचं मला आठवत नाही. मी किती विनवलं, पण ते पाटीवर लिहायचे, "नात येणार आहे. ती घाबरेल."

दिवाळीत ती आली. पाच वर्षांची. आजोबा पाटीवर मोर काढायचे, ती खुश. तिला निरोप द्यायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. लेक आणि नात पनवेलच्या गाडीत बसल्या, कंडक्टरनं घंटी मारली, आणि काकांनी जन्माच्या सवयीनं बाकड्याकडे वळून बघितलं. तिची छोटी लाल पिशवी तिथंच होती. ते धावले. हात हलवले. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. गाडी हलली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून यंत्र काढलं. खणातलं यंत्र त्यांनी खिशात कधी ठेवलं होतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"बाये. तुझी पिशवी. राहिली."

अख्खा स्टँड वळला. गाडी थांबली. खिडकीतून नातीनं आजोबांकडे टक लावून बघितलं.

"आजोबा, तुम्ही बोलता?" ती म्हणाली. "अजून बोला ना!"

काका ढसाढसा रडले, आणि रडताना यंत्र गळ्यालाच होतं, त्यामुळे ते नुसतंच गुणगुणत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी कुंपण ओलांडून गेले आणि म्हटलं, "काका, मला हाक मारा." त्यांनी मारली. या खेपेला मी नीट ऐकली.

पुढची दिवाळी त्यांनी बघितली नाही.

आता स्टँडवर ध्वनिमुद्रित बाई गाड्या पुकारते. उच्चार शुद्ध, चूक म्हणून नाही. माणगावची गाडी लागते, बाई गप्प होते, आणि मी उगाचच जरा वेळ थांबते. मग स्वतःच बाकड्याकडे वळून बघते.

परवा काकींकडे गेले तर ते यंत्र चार्जिंगला लावलेलं. मी म्हटलं, "काकी, आता कशाला?"

"असू दे गो," त्या म्हणाल्या. "त्यांचा आवाज हाय तो."