बारा ठिपके

तिचं आडनाव फडके नव्हतं. पण हातात नाहीतर खांद्यावर कायम एक फडकं असायचं, म्हणून अख्खं रुग्णालय तिला फडकेताई म्हणायचं. बढती मिळून ती साफसफाईची मुकादम झाली, चाळीस बायकांना कामं वाटून द्यायला लागली, तरी फडकं काही सुटलं नाही. समोरच्याशी बोलता बोलता ती त्याच्या टेबलाची कड पुसून घ्यायची. पुसून झालं की वळून बघायचीही नाही. हाताला खोडच होती ती.

मी तिथल्या स्टोअरमध्ये होतो. फिनेल, साबण, मॉप, हातमोजे, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. रोज सकाळी सातला खिडकीत पहिला चेहरा दिसायचा तो तिचा. एकोणीस वर्षं दिसला. त्या चेहऱ्यावर झोप पुरी झाल्याची खूण मी फार कमी वेळा पाहिली. घरी तिचे यजमान असायचे. आधी बस चालवायचे, गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरी बसले आणि स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं. तिचा डबा तेच भरायचे. "डबा चांगला असतो भाऊ," ती म्हणायची, "खायला उसंत मिळाली तर सांगेन कसा होता ते."

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तिला परदेशी जायचा योग आला. रुग्णालयाच्या विश्वस्तांची बाहेरच्या एका संस्थेशी ओळख झाली होती. रुग्णालयं शास्त्रशुद्ध कशी स्वच्छ ठेवायची, ते ही संस्था शिकवायची. दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. आमचे प्रशासक साहेब स्वतःच निघाले होते, नवीन बॅगही आणून झाली होती. तेवढ्यात तिकडून पत्र आलं, की कृपा करून रोज स्वतःच्या हाताने फरशी पुसणारं माणूस पाठवा. साहेबांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता.

"मला नका पाठवू," फडकेताई म्हणाली. "तिथलं अक्षर कळत नाही मला."

"दुभाषी आहे तिथे," साहेब म्हणाले.

"आणि इथलं कोण बघेल?"

"दहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

ती गेली आणि दहा दिवसांनी आली. अकराव्या दिवशी सकाळी सातला खिडकीत उभी.

"कसं होतं?" मी उत्सुकतेने विचारलं.

"दमले," ती म्हणाली. "ब्लीचचे दोन कॅन द्या."

पुढे महिनाभर ती थोडं थोडं सांगत राहिली, सामान घेता घेता. तिथे शिकवायला तिच्याच वयाची एक बाई होती. पांढरे केस, आखूड कापलेले, आणि हात हिच्यासारखेच, बोटांच्या पेरांवर कातडी फाटलेली. वीस वर्षं तिनेही वॉर्ड पुसले होते. तिने पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र दाखवलं नाही. एक फडकं घेतलं, एकदा घडी घातली, मग दुसऱ्यांदा, आणि म्हणाली, आता याला आठ बाजू झाल्या. एक बाजू एका जागेला. आठ संपल्या की फडकं धुवायला. वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही, कारण मग तुम्ही एका खोलीची घाण दुसऱ्या खोलीत नेऊन पसरता.

"तीस वर्षं मी बादलीतच बुडवत होते की हो, भाऊ," फडकेताई म्हणाली. तिला खरंच लागलं होतं ते. "किती खोल्या झाल्या असतील!"

संडासाचं फडकं लाल, खाटांचं निळं, म्हणजे चुकूनही अदलाबदल व्हायला नको. मॉपचा दांडा लांब-आखूड करता येणारा, प्रत्येकीने आपल्या हनुवटीपर्यंत लावून घ्यायचा, म्हणजे कंबर वाकत नाही. पुसायचं ते मागे सरकत, नागमोडी. आणि सगळ्यात तिला आवडली ती ठिपक्यांची गंमत. एक पारदर्शक मलम असतं. खोली पुसायच्या आधी ते बारा ठिकाणी बोटाने टेकवून ठेवायचं: खाटेचा कठडा, बोलवायची घंटी, दाराची मूठ, नळ, दिव्याचं बटण, संडासातला धरायचा दांडा, असं. वाळलं की साध्या डोळ्यांना दिसत नाही. खोली पुसून झाली की पडदे ओढायचे आणि एक जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. जिथे फडकं फिरलं नाही तिथला ठिपका चमकतो.

"त्या बाईने सांगितलं," फडकेताई म्हणाली, "ठिपका हाताला शिकवायला असतो. माणसाला पकडायला नाही. नाव कुठे लिहायचं नाही."

परत आल्यावर तिने अहवाल दिला. लिहिला मी, सांगितला तिने. पहिलीच ओळ अशी होती: तिथे एका बाईकडे दिवसाला अकरा खोल्या असतात, आपल्याकडे सव्वीस. दुसरी ओळ दांड्यांची, तिसरी फडक्यांची. ठिपके सगळ्यात शेवटी.

साहेबांनी अहवाल शेवटाकडून वाचला असावा. पंधरा दिवसांत मलमाच्या नळ्या आणि जांभळी बॅटरी आली. रंगीत फडकीही आली, पण सगळी निळीच. लाल संपली होती म्हणे. लांब-आखूड दांडे "पुढच्या टप्प्यात" गेले आणि खोल्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

फडकेताईने आधी सगळ्या बायकांना गोळा करून नीट दाखवलं. त्याही खूश झाल्या. पडदे ओढलेल्या खोलीत ठिपके चमकले की लहान मुलींसारख्या हसायच्या, "अगं बाई, घंटी राहिली की!" म्हणायच्या. पहिला आठवडा छान गेला. मग साहेबांनी फतवा काढला, की दर शनिवारी कोणाचे किती ठिपके राहिले त्याची यादी नावानिशी फलकावर लागली पाहिजे.

"साहेब, नाव नको," ती म्हणाली.

"ताई, नाव नसेल तर सुधारणा कशी होणार?"

"तिथे नाव लिहीत नाहीत."

"तिथली माणसं वेगळी हो."

ती फडकं खांद्यावर टाकून निघाली. तिने तेव्हाच भांडायला हवं होतं, असं ती नंतर मला म्हणाली. पण त्या दिवशी तीन बायका रजेवर होत्या, दुसऱ्या मजल्यावर पाणी तुंबलं होतं, आणि भांडायचं म्हणजे त्यासाठीही अंगात त्राण लागतं.

पहिल्या यादीत सगळ्यात खाली आक्कांचं नाव लागलं. आक्का आमच्याकडची सर्वांत जुनी बाई, फडकेताईला हाताला धरून काम शिकवणारी. बारापैकी सात ठिपके राहिले होते. पुढच्या शनिवारीही सातच. बायका फलकासमोर उभ्या राहून कुजबुजायच्या, आणि आक्का मागच्या जिन्याने जायला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. सगळ्यांचे ठिपके साफ. आक्कांचेही. साहेबांनी विश्वस्तांना पत्र धाडलं. फडकेताई मात्र त्या दिवशी एका खोलीत शिरली आणि सवयीने तिने खाटेखालची आडवी पट्टी पुसली. फडकं काळं झालं. मग तिने खुर्चीची पाठ पुसली, खिडकीची चौकट पुसली. सगळीकडे तेच. ठिपके कुठे लावतात ते बायकांना पाठ झालं होतं. बारा जागा आरशासारख्या लख्ख आणि तेराव्या जागेवर बोट उमटेल एवढी धूळ.

"शिकवायला गेले काय आणि शिकवलं काय," ती खिडकीत येऊन म्हणाली. काही घ्यायला आली नव्हती. नुसतीच कठड्यावर हात टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने आक्कांबरोबर काम केलं. न बोलता, एकाच खोलीत. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आक्का आधी तळहाताने चाचपतात आणि मग पुसतात. कठडा चाचपला, मग फडकं. नळ चाचपला, मग फडकं.

"आक्का, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय की."

"माझ्या साडीचा रंग कोणता?"

आक्का खाटेवर टेकल्या. वॉर्डातल्या खाटेवर कामवालीने बसायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, आणि तो त्यांनीच सगळ्यांना शिकवलेला. "दोन वर्षं झाली गं पोरी," त्या म्हणाल्या. "सगळं धुरकट दिसतंय. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला. आणि घरी बसून काय भिंतीशी बोलू?"

"पण मागच्या आठवड्यात तुमचे सगळे ठिपके साफ कसे?"

"बारा जागा तर आहेत. पाठ केल्या."

फडकेताईने हे मला सांगितलं तेव्हा तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मग तिने डोळे त्याच फडक्याने पुसले आणि लगेच म्हणाली, "बघा, हेही चुकलंच. घडी बदलायला हवी होती."

त्या दुपारी तिने माझ्या हातात मलमाची नळी ठेवली. "तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली रिकामी आहे. तुम्हाला वाटेल तिथे बारा ठिपके लावा. मला सांगू नका."

मी लावले. पडद्याच्या दोरीला, सलाइनच्या स्टँडच्या पायाला, टेबलाच्या खालच्या कडेला. मग ती आत शिरली आणि मी दारात घड्याळ घेऊन उभा राहिलो. सव्वीस खोल्यांच्या हिशेबाने एका खोलीला पंधरा मिनिटं येतात. ती पंधरा मिनिटं राबली. तीस वर्षांचा हात तो, एक हालचाल फुकट जात नव्हती. पडदे ओढून बॅटरी मारली तर पाच ठिपके चमकत होते.

तिने ते पाचही ठिपके एकेक करून पुसून टाकले.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "दुसरीकडे. आणि आता वेळ सांगू नका."

दुसऱ्या वेळी पस्तीस मिनिटं लागली. एक ठिपका राहिला, तोही दाराच्या वरच्या बिजागरीचा. तिथे हात पोचावा म्हणून मी स्टूल घेऊन लावला होता. "हा तुमचा चावटपणा आहे," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून खाली फरशीवरच बसली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मी पाणी आणून दिलं.

शनिवारी फलकावर एकच नाव लागलं. मुकादम, स्वतः. पंधरा मिनिटं, पाच ठिपके राहिले. पस्तीस मिनिटं, एक राहिला. खाली तिची सही.

साहेबांनी तिला बोलावलं, आणि नळ्यांची नोंद घेऊन मलाही.

"हे काय आहे, ताई? तुम्ही स्वतःच नापास?"

"हो."

"विश्वस्त बघतील ते."

"म्हणूनच लावलंय."

"अहो, पण तुम्हाला आम्ही परदेशी पाठवलं, आणि तुम्हीच..."

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज चढवायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती, म्हणून ते फार हळू ऐकू आलं, "तिथून मी चार गोष्टी आणल्या. तुम्ही चौथी घेतली आणि पहिली ठेवून दिलीत. वेळ द्या, मग खुशाल बॅटरी मारा. वेळ नसेल तर माझंही नाव खाली, आक्कांचंही, आणि उद्या तुम्ही पुसायला आलात तर तुमचंही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला, परत सुलटा केला. मग म्हणाले, "नावं काढतो. खोल्यांचं बघू."

नावं त्याच दिवशी निघाली. खोल्यांचं बघायला चार महिने लागले, आणि तेही विश्वस्तांपैकी एक बाई स्वतः आजारी पडून तिसऱ्या मजल्यावर आठवडाभर राहिल्या म्हणून. त्या मजल्यावर सव्वीसच्या अठरा झाल्या. प्रयोग म्हणून. बाकीच्या मजल्यांवर सव्वीसच राहिल्या, आणि दोन वर्षं झाली तरी तो प्रयोगच आहे. दांडे आले, पण गरजेपेक्षा निम्मे. उंच बायका आणि बुटक्या बायका पाळीने वापरतात, आणि पाळी बदलताना दांडा लांब-आखूड करायचा कंटाळा येतो म्हणून बहुतेक जणी आहे तसाच वापरतात. लाल फडकी अजून मी मागवतोच आहे.

आक्कांना फडकेताईने आमच्याच डोळ्यांच्या विभागात नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांचा. शस्त्रक्रियेनंतर त्या परत आल्या आणि धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालायच्या कामावर लागल्या. आता त्यांना नको इतकं दिसतं. कुठल्या चादरीवर डाग राहिला, कोणाच्या झग्याचं बटण तुटलं, सगळं. धुलाईवाला वैतागून म्हणतो, "आक्कांचे डोळे दुरुस्त करायच्या आधी मला विचारायला हवं होतं."

गेल्या महिन्यात फडकेताईने पंधरा दिवसांची रजा टाकली. माझ्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा इतकी मोठी. अर्जावर सही राहिली होती, म्हणून मी कागद घेऊन तिच्या घरी गेलो. भर दुपारची वेळ. यजमानांनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते कुजबुजले. "सकाळी उठली, चहा घेतला, परत आडवी झाली. चार दिवस हेच चाललंय."

"बरं नाही का?"

"छे. नुसती झोपतेय." त्यांनी मला आत घेतलं. "मी झाडू घेतला तर झोपेतच म्हणाली, राहू द्या हो आज."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. ओट्यावर सकाळची भांडी तशीच पडली होती, खिडकीतून आलेल्या उन्हात जमिनीवरची धूळ दिसत होती. त्यांनी मला चहा दिला. आतून तिच्या घोरण्याचा आवाज येत होता, संथ, खोल. मी चहा संपवला, अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि सही सोमवारी घेऊ म्हणून निघालो.