ओयसारा ओपाच्या गांधीलमाश्या

ओयसारा ओपा, म्हणजे आम्हा सगळ्यांची ओयसाराताई, नाकाला फडकं बांधायची नाही. "भिंगावर वाफ धरते गं," म्हणायची.

आमच्या प्रयोगशाळेत जवाच्या दाण्यांवर पतंग वाढायचे. त्यांच्या अंड्यांत टाचणीच्या टोकाहून बारीक गांधीलमाश्या आपली अंडी घालायच्या. अंडं काळं पडलं की आत माशी तयार होतेय असं समजायचं. ती कापसात सोडली की बोंडअळीच्याही अंड्यात अंडी घालते, आणि अळी अंड्यातच संपते. एकवीस वर्षं ओपानं हेच केलं. पतंगांच्या पंखांची भुकटी तिच्या छातीत अशी बसली होती की जिना चढताना ती दोनदा थांबायची.

त्या जूनमध्ये आम्ही दोघींनी सामुदायिक शेताच्या कापसात पानापानांवर ती काळी पडलेली अंडी चिमूट चिमूट ठेवली. शेताचा अध्यक्ष तुर्गुनबोय बांधावर उभा होता.

"अका, आठ दिवस विष मारू नका. माश्याही मरतील," ओपा थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाली.

"मारीन कशाला? तुमच्या माश्या म्हणजे माझ्या लेकी!"

तिसऱ्या दिवशी विमानानं फवारणी झाली. ओपानं पान उलटवून भिंग लावलं. माश्या बाहेर आल्या होत्या आणि तिथंच मरून पडल्या होत्या. ती तडक त्याच्या कचेरीत गेली. मी मागोमाग.

"जिल्ह्याचा माणूस येणार होता," तुर्गुनबोय म्हणाला. "त्याला एक अळी दिसली तर माझी खुर्ची गेली. तुझी माशी कुणाला दिसते?"

"भिंग देऊ?"

"आधी तुझी छाती दाखव कुणाला. खोकून खोकून माझे कागद उडवतेस."

शरदात 'विषाविना कापूस' म्हणून तुर्गुनबोयला मानाचा झेंडा जाहीर झाला. शेतात विष मारलंच नाही, अशा त्याच्या कागदावर प्रयोगशाळेची सही हवी होती. ओपानं नकार दिला. मग आमच्या संचालकांनी मला बोलावलं. "तूही नाही म्हणालीस तर उद्यापासून घरी बस, झुलैहो."

मी सही केली.

"हात थरथरला का गं?" एवढंच ओपानं विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. महिन्याभरात तिला आजारी ठरवून घरी पाठवलं, आणि फेब्रुवारीत ती गेली.

तिच्या घरी माणसं जमली तेव्हा तुर्गुनबोयनं तांदळाचं पोतं पाठवलं. ओपाच्या मुलीनं ते दारातूनच परत केलं. मी रोट्या घेऊन उभी होते. रोट्या तिनं घेतल्या. आत ये, म्हणाली नाही.