चौदा नंबरचे मिस्टर रफिन

मिस्टर व्हर्डेल रफिन मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझा जीव घेणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी ब्रॅनिगन स्ट्रीटवर नुकताच राहायला आलो होतो आणि कचऱ्याचा डबा एक दिवस आधीच रस्त्याकडेला ठेवण्याचा गुन्हा केला होता. समोरच्या घराचं दार उघडलं आणि त्यातून एक पोट बाहेर आलं. ते येतच राहिलं. पायऱ्या उतरून फुटपाथवर पोचलं तेव्हा कुठे त्याच्यामागून रफिन दिसले. पायात सपाता, अंगात ड्रेसिंग गाउन आणि डोक्यावर बसड्रायव्हरची टोपी. निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, पण ती टोपी बहुधा झोपेतही उतरत नसावी. त्यांनी आवाज लावला तशी तारेवरची कबुतरं उडाली ती शहरालगतचं सरोवर ओलांडून थेट पलीकडच्या कॅनडात जाऊन बसली.

"काय हो शेजारी, कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. आज काय वार?"

"सोमवार."

"मग हा डबा काय हवा खायला बसलाय?"

मी डबा आत नेला. संध्याकाळी त्यांची बायको, जिला लग्नानंतरही सगळी गल्ली आदराने मिस ओडेसाच म्हणे, पीच घालून भाजलेला गोड, गरमागरम कॉब्लर घेऊन दारात हजर. "खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्याला बस मिळत नाही ना हल्ली, म्हणून तो माणसं हाकतो."

आयुष्यभर रफिनांनी चौदा नंबरची बस चालवली होती. ती ब्रॅनिगन स्ट्रीटवरून निघून नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जायची. पुढे पोलादाचा कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली, घरांच्या जागी गवत वाढलं आणि चौदा नंबर बंद झाली. शहर मात्र बंद पडलं नाही. पूर्वी इथे पोलाद तयार व्हायचं, आता योजना तयार होतात. पोलादाला निदान गिऱ्हाईक होतं. प्रत्येक नवा महापौर नवी योजना आणतो आणि तिच्या मुखपृष्ठावर हसणारी मुलं असतात. आमच्या गल्लीत एवढी मुलं नाहीत, तेव्हा ती बाहेरून मागवत असावेत.

या योजनांवर रफिनांचा जेवढा विश्वास होता तेवढा पाद्रीबाबांचा स्वर्गावर नसेल. एकही सभा त्यांनी चुकवली नाही. आणि या खेपेला तर गरजच होती. मिस ओडेसांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला नदीपलीकडे जावं लागे. मधुमेहाने नजर अधू झाल्यामुळे रफिनांना गाडी चालवायला बंदी होती. कधी मी सोडायचो, कधी चर्चची गाडी, कधी कोणीच नाही. मग ओडेसाबाई सुजलेले पाय घेऊन घरीच बसत. मुलगी रोशेल दूर दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून फोनवर म्हणाली, "पपा, हिवाळ्याआधी काही सोय झाली नाही तर मी ममाला इकडच्या शुश्रूषागृहात ठेवणार."

"मी या घरातून आडवीच बाहेर पडेन," ओडेसाबाईंनी जाहीर केलं.

"बस येणार आहे," रफिन म्हणाले. "सभेत मांडतो ना मी."

आता आमच्याकडे नगरनियोजनाचा एक पवित्र विधी आहे. चर्चच्या तळघरात चित्रांचे फलक मांडतात. प्रत्येकाला थोडे हिरवे ठिपके देतात, चिकटणारे. जे हवं असेल त्या चित्रावर ठिपका लावायचा आणि मग पिझ्झा खायचा. वर्षानुवर्षं आम्ही ठिपके लावत आलो आहोत. आमच्या म्हाताऱ्यांच्या पर्सा झटकल्या तर औषधाच्या गोळ्यांपेक्षा ठिपके जास्त पडतील.

सभेच्या आदल्या रविवारी प्रार्थना संपताच रफिन बाकावर चढले. बाकाने कण्हून विरोध नोंदवला.

"ब्रदर्स, सिस्टर्स! झाडं बघू नका, कारंजं बघू नका, कुत्र्यांच्या बागेकडे तर ढुंकूनही नाही. सगळे ठिपके बसवर!"

"पण ब्रदर रफिन," सिस्टर क्लेमंटीन म्हणाल्या, "कारंजं छान असतं हो."

"कारंज्यात बसून इस्पितळात जाणार आहेस का?"

सभेत बस दिसेल असं चित्र एकच होतं. काचेचा झकास थांबा, बाकावर हसणारी माणसं आणि अगदी कडेला एका बसचं अर्धं शेपूट. आम्ही सगळ्यांनी त्याच फलकावर ठिपके लावले. एवढे, की चित्रातल्या माणसांना कांजिण्या झाल्यासारखं दिसायला लागलं. योजना आखणाऱ्या सल्लागार कंपनीची टेसा लिंडक्विस्ट नावाची तरुण मुलगी हरखून गेली. "इतकं एकमत मी कुठल्याच शहरात पाहिलं नाही!"

रफिन घरी गेले ते निवडणूक जिंकल्यासारखे. ओडेसाबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्या, ठिपके उठून गाडी येत असती, तर मला गोवर आला तेव्हाच दारात रेल्वे आली असती."

पण यंदा खरंच काम सुरू झालं. उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावर खोदाई झाली आणि थंडी पडायच्या आत काचेचा थांबा उभा राहिला. बाक आतून तापणारा, फोन चार्ज करायची सोय, वर हवामान सांगणारा पडदा. उद्घाटनाला महापौर आले, शाळेचा बँड आला. रफिनांनी जुना गणवेश चढवला. त्याची मधली बटणं लागेनात. ओडेसाबाईंना चाकाच्या खुर्चीतून शाल गुंडाळून आणलं. फीत कापली, टाळ्या झाल्या. रफिनांनी टेसाला बाजूला घेतलं.

"बाळा, पहिली बस कधी?"

टेसा गोंधळली. "बस? मिस्टर रफिन, हे अनुदान बांधकामाचं आहे. बस चालवायची म्हणजे ड्रायव्हरचा पगार, डिझेल. त्याला हे पैसे वापरता येत नाहीत. बस परिवहन मंडळाकडे, आणि त्यांच्या यादीत हा मार्ग नाही."

"आम्ही बससाठी ठिपके लावले होते."

"तो फलक थांब्याचा होता," ती हळूच म्हणाली. "आणि थांबा तुम्हाला मिळाला."

तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. चांगली मुलगी होती ती. आमचं शहर बुडवणारी सगळीच माणसं चांगली होती. शिकलेली, नम्र आणि सभेला वेळेवर येणारी.

रफिन जाऊन बाकावर बसले. ओडेसाबाईंनी खुर्ची त्यांच्याशेजारी घेतली आणि हाताने बाक चाचपून पाहिला.

"ऊबदार आहे हो," त्या म्हणाल्या. "निदान बूड तरी शेकून निघेल."

त्यानंतर रफिन नगरपरिषदेत दोनदा बोलून आले. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि मग लाल दिवा लागतो. दोन्ही वेळा सभापतींनी आभार मानले आणि परिवहन मंडळाकडे जायला सांगितलं.

नाताळाच्या आधी रोशेल आली आणि आईला जॉर्जियाला घेऊन गेली. फेब्रुवारीत मिस ओडेसा तिथल्या शुश्रूषागृहात वारल्या. रफिन अंत्यविधीला गेले ते तिकडेच राहिले. रिकामं पडलेलं त्यांचं घर गेल्या उन्हाळ्यात शहराने पाडलं.