सुकायला टांगलेला हार

नारायण पेठेत माझा फुलांचा ठेला आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथे एक जपानी मुलगी आली. कलाकार होती, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. जवळच्याच कलादालनात एका भिंतीवर ती तिच्याकडच्या पद्धतीने फुलं मांडणार होती, समोरच्या भिंतीवर माझा मोगऱ्याचा हार. प्रत्येकाखाली करणारीचं नाव. दहा दिवस दोन्ही सुकू द्यायचं, रोज फोटो काढायचा आणि शेवटच्या दिवशी सगळे फोटो लोकांना दाखवायचे. तिने हे नीट सांगितलं होतं. मीही मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज डोकावले, तर फुलं चहाच्या रंगाची झालेली आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव! अंगावर काटाच आला. आमच्यात उतरलेला हार कुणी बघत बसत नाही, निर्माल्यात जातो. आणि बघायला येणार पुण्यातली माणसं. "बरोबर आहे, यांच्याकडे असलाच मिळतो," म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागतो? मी तशीच ठेल्यावर गेले, नवा हार बांधला आणि झाडलोट चालली होती तेवढ्यात बदलून आले.

मग रोजच. धायरीच्या घरून अर्धा तास आधी निघायचं, हार बांधायचा, लावून यायचं. हार सुकत नाही ही पहिले दोन-तीन दिवस तिला एसीची करामत वाटली म्हणे.

सहाव्या दिवशी ती ठेल्यावर आली. मोबाइल पुढे धरला. तिच्या भिंतीवरची फुलं रोज थोडी थोडी मान टाकत चाललेली, माझा हार मात्र सहाही दिवस टवटवीत. "ताई, माझं काम बिघडलं. दोन्ही एकत्र सुकायला हवे होते," म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

"मीच बदलते गं," मी म्हटलं. आणि वर तोरा माझाच! "खाली माझं नाव आहे ना!"

"माझंही आहे," ती हळूच म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. इतके दिवस तिचं नाव सुकलेल्या फुलांखाली होतंच की, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यासमोर बसून शेवटचा हार बांधला, हा मात्र सुकू द्यायचा म्हणून. मग शेवटच्या दिवसापर्यंत तिकडे फिरकलेच नाही.

त्या दिवशी गेले, तर माझं एक जुनं गिऱ्हाईक हाराला नाक लावून उभं. एरवी फुलं चिवडून नावं ठेवणारे गृहस्थ ते.

"तुमचा का?"

"माझाच. चार दिवसांचा आहे," मी सांगितलं.

"हं. एकही गळलेलं नाही," म्हणाले आणि पुढे गेले.

मी जवळ जाऊन पाहिलं. कळ्या काळ्या पडलेल्या, आकसलेल्या, पण सगळ्या जागच्या जागी. रडूच आलं मला. तीस वर्षं हार बांधतेय, पण माझ्या हाराचा चौथा दिवस मी पहिल्यांदाच बघत होते.