दोन्ही बाजूंना कासव

राज्य नवं झालं आणि आम्ही एकदम सापडलो. त्याआधी रायपुरात आम्ही होतो, पण कुणाला दिसत नव्हतो. बाबा रेल्वेत, मूळ चंद्रपूरकडचे, जातीनं गोंड, घरात बोलणं मराठी. ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं घर घेताना मालकानं विचारलं, तुम्ही कोण? बाबा म्हणाले, रेल्वेवाले. एवढ्या उत्तरावर आम्ही तिथं कितीतरी वर्षं काढली. मालकीणबाई आईकडून लोणचं न्यायच्या, पण आमच्याकडं पाणी पिताना त्यांना नेमकी तहान नसायची.

मग राजधानी झाली आणि जिकडंतिकडं रंग लागला. चौकात, पुलाखाली, सरकारी इमारतींच्या कंपाऊंडवर बाघ, नाग, मोर, मासे नाचायला लागले. पंडरीच्या कापडबाजारात चादरीसुद्धा तशाच आल्या. मी हौसेनं एक आणली. आईनं ती उलगडली, मधोमध छापलेलं मोठं कासव पाहिलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिली. ‘याच्यावर पाय ठेवून झोपू का मी?’ म्हणाली. दुकानदाराला मी सांगितलं, रंग पसंत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं ते जाहिरातीत घातलं असतं.

आमचं कूळ कासवाचं. म्हणजे काय, ते फार अवघड नाही. कधीकाळी मोठा पूर आला, आमच्या पूर्वजांना नदी ओलांडता येईना, तेव्हा एका कासवानं त्यांना पाठीवर घेऊन पैलतीरी सोडलं. तेव्हापासून कासव आमच्या घरातलं. ते मारायचं नाही, खायचं नाही, मेलेलं दिसलं तर घरातलं एक मडकं फोडायचं. कुणाचं कूळ बाघाचं, कुणाचं नागाचं, कुणाचं बकऱ्याचं. आणि एक गोष्ट सगळ्यांत पक्की: एका कुळातली पोरं ही बहीणभाऊ. गाव वेगळं असो, आडनाव वेगळं असो, आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, त्यांचं लग्न होत नाही. लग्नघराच्या भिंतीवर जो प्राणी काढतात तो शोभेसाठी नसतो. आलेल्या पाहुण्याला दारातच कळावं, हे घर कुणाचं आणि सून कुणाकडून येऊन राहिली.

हे मला इतकं पाठ असण्याचं कारण माझी ताई.

ताई शिक्षकांच्या ट्रेनिंगला होती तेव्हा तिच्याबरोबरचा एक जण घरी यायचा. कांकेरकडचा, आमच्यातलाच, शांत, चहात साखर जास्त घेणारा. बाबांना आवडला होता. आईलाही आवडला होता, आणि तिथंच घोळ झाला, कारण आवडल्यामुळं तिनं पहिला प्रश्न विचारायला उशीर केला. एरवी आमच्याकडं पाहुण्याला पाण्याआधी कूळ विचारतात. आईनं विचारलं ते तिसऱ्या भेटीत. तो म्हणाला, कासव.

आई ओरडली नाही. रडली नाही. ताईला खोलीत कोंडलं वगैरे सिनेमातलं काही झालं नाही, आम्ही सभ्य लोक. आई फक्त म्हणाली, ‘मंग तो तुया भाऊ लागते, बाई.’ आणि दिवाळीत तिनं त्याला भाऊबीजेला बोलावलं.

तो आला. कुळाचा मान त्यालाही होता. नवा शर्ट घालून पाटावर बसला. ताईनं त्याला ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, करंजी दिली. त्यानं ताटात साडी ठेवली, पिवळी, लाल काठाची. आईनं दोघांना आग्रह करकरून जेवायला वाढलं. इतकं नीटनेटकं, इतकं रीतीला धरून कुणाचं काही मोडलेलं मी आजवर पाहिलं नाही. पुढं त्याचं लग्न झालं, नागाच्या कुळात. ताईला नोकरी लागली बीरगांवच्या शाळेत. ती स्कूटीवर जाते, स्कूटीवर येते. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, वेळ कुठं आहे. माझं लग्न सगळं विचारून, जुळवून झालं आणि सासर दोन गल्ल्या पलीकडं मिळालं, म्हणून ताईचं न झालेलं लग्न मी रोज संध्याकाळी जाऊन बघू शकते.

तर राजधानी. मी ज्या कार्यालयात लिपिक होते तिथं नव्या इमारतीच्या दर्शनी हॉलमध्ये भिंत रंगवायचं ठरलं. विषय, आदिवासी विवाह. त्यासाठी समिती नेमली आणि साहेबांच्या लक्षात आलं की समितीत आदिवासीच नाही. मग माझं सर्व्हिस बुक उघडलं गेलं. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसून टायपिंग करत होते, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली. म्हणाले, मॅडम, आप तो हमारी एक्सपर्ट हैं. मी एक्सपर्ट झाले. पगार तोच.

चित्रकार आर्ट कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, ठेकेदारानं आणलेला. पोरगा बरा होता. त्याला मी सांगितलं, नवऱ्याच्या मागं बाघ काढ, नवरीच्या मागं कासव. त्यानं कागदावर काढलं आणि खरंच सुंदर काढलं. बाघाच्या अंगभर बारीक रेघा, कासवाच्या पाठीवर ठिपक्यांची नक्षी. मी ते धरून साहेबांकडं गेले.

साहेबांना बाघ खटकला. एका बाजूला एवढं मोठं जनावर आणि दुसऱ्या बाजूला एवढुसं कासव, भिंत कलल्यासारखी वाटते म्हणाले. सिमेट्री नाही. शिवाय बाघ हिंसक, लग्नात कशाला? आणि कासव तर शुभ. त्यांच्या टेबलावर काचेच्या वाटीत पाणी घालून पितळेचं एक कासव ठेवलेलं होतं, बायकोनं वास्तूसाठी दिलेलं, तोंड उत्तरेला. त्याच्याकडं बोट करून ते म्हणाले, ‘दोनों तरफ कछुआ कर दीजिए.’

मी सांगितलं, तसं होत नाही. एकाच कुळात लग्न होत नाही, हे बहीणभावाचं लग्न होईल. साहेब हसले. फार प्रेमानं हसले. म्हणाले, इतना कौन देखता है, मॅडम, और ये तो पेंटिंग है. मग थोडं गंभीर होऊन म्हणाले, आपल्या संस्कृतीत एवढं ताणू नये. ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, ते मी विचारलं नाही. फाईलवर सही झाली. पोरानं बाघ खोडला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं, कासव सोपं जातं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी घरी बोललेही नसते. पण उद्घाटनाला एक बुजुर्ग आदिवासी माताजी मंचावर हव्या होत्या, आणि माझी आई साहेबांना सर्व्हिस बुकातच मिळाल्यासारखी होती. मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात. ते म्हणाले, गाडी पाठवतो. मी म्हटलं, तिला हिंदी धड येत नाही. ते म्हणाले, और भी अच्छा.

आता माझी खरी घाबरगुंडी उडाली. आई मंचावर असणार, बाजूलाच भिंत, भिंतीवर नवरा कासवाचा आणि नवरी कासवाची. ज्या लग्नाची तिनं स्वतः बोलावणं धाडून भाऊबीज केली, तेच लग्न सरकारी खर्चानं, पाहुण्यांसमोर. आई गप्प बसणारी बाई नव्हे. ती उठून भर सभेत सांगणार की हे पाप आहे, आणि मग कुणीतरी विचारणार, का? आणि ताईनं इतकी वर्षं कुणाला न दाखवलेलं सगळं त्या हॉलमध्ये उघडं पडणार.

म्हणून मी आधी ताईला सांगितलं. ती जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसली होती. मी सगळं सांगितलं: बाघ, सिमेट्री, पितळी कासव. तिचा लाल पेन थांबला नाही. शेवटी तिनं विचारलं, ‘काढलं कसं? चांगलं काढलं काय?’

मी म्हटलं, ‘चांगलं काढलं.’

‘मंग मी पण येतो,’ ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही ‘येतो’ म्हणतात. मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, शाळेला सुट्टीच आहे.

त्या दिवशी खरोखर गाडी आली. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. ताई खोलीतून बाहेर आली ती पिवळ्या साडीत, लाल काठाच्या. घडीवर साडी विरली होती. आईनं ती ओळखली, हे मला आईच्या मानेवरून कळलं. तिघी मागं बसलो. ड्रायव्हरनं रेडिओ लावला, आम्ही त्याला बंद करायला सांगितलं नाही.

हॉलमध्ये हार, शाली, भाषणं सगळं झालं. भाषणांत आमच्या निसर्गप्रेमाचं फार कौतुक झालं. मग पडदा ओढला. भिंत खरंच छान दिसत होती. मधोमध नवरानवरी, डोक्याला मोहाच्या फुलांची बाशिंगं, आणि दोघांच्या मागं एकसारखी दोन कासवं. एक ठिपका इकडंतिकडं नाही. साहेबांना हवी होती तेवढी सिमेट्री.

आई बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे या कासवावरून त्या कासवावर, परत या कासवावर. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन ती उठली. मी मंचाच्या पायरीशी उभी होते, एक पायरी वर चढले. तेवढ्यात साहेबांनी, देव त्यांचं भलं करो, तिच्या तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, माताजी, बताइए, सब आपकी परंपरा के हिसाब से ही है ना?

आईनं माईककडं पाहिलं नाही. तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या ताईकडं पाहिलं. ताई भिंतीकडं बघत होती. इतकं निवांत तोंड मी तिचं भाऊबीजेच्या आधीच शेवटचं पाहिलं होतं. तिनं मान वळवली, आईची नजर गाठली आणि हळूच, पण मंचापर्यंत ऐकू येईल असं म्हणाली, ‘राहू दे, आई. भिंतीवरच तर हाय.’

आई तशीच उभी राहिली. जन्मभर कुळासाठी तिनं काय नाही केलं. मडकी फोडली, चादर परत केली, पोरीला भाऊ दिला. माईकमधून तिचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

‘हव,’ आई म्हणाली. ‘बराबर हाय. आमच्यात असंच लगन होते.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई खाली बसली, आणि बसल्यावर पदर तोंडाला लावून मंचावरच रडली. साहेबांनी माईकवर सांगितलं की माताजी भावुक झाल्या आहेत. ताई मात्र भिंतीकडं पाहत टाळ्या वाजवत राहिली, बाकी सगळ्यांच्या थांबल्या तरी.