दिव्याचे तेल आणि डोक्यावरच्या तारा

लग्न होऊन नागपूरजवळच्या खाप्याला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी देवीच्या आरतीत पडले, आणि शुद्धीवर आले तेव्हा बायका माझ्या पाया पडत होत्या. माझ्या अंगात आले होते म्हणे. मला काहीच आठवत नव्हते. पडण्याआधी जळलेल्या दुधाचा वास आला होता, आणि उठल्यावर जीभ चावली जाऊन सुजली होती, एवढेच. पुढे महिन्यातून दोनतीनदा असे होऊ लागले. मंगळवारी नारळ घेऊन बायका दारात बसत. कुणाची बकरी हरवलेली, कुणाच्या पोरीचे लग्न जमत नसलेले. त्या अवस्थेत मी काय बरळत असे मला ठाऊक नाही, पण त्यांना त्यात उत्तर सापडे. एकदा तर बकरीही सापडली.

देवीवर माझी लहानपणापासून श्रद्धा, म्हणूनच हा मान मला बोचत असे. ती येत असेल तर मला आनंद का होत नाही? आणि येत नसेल तर मी गावाला फसवते आहे का? हे मी देवीलाच विचारायची, आणि तिच्याच तोंडून उत्तर यावे म्हणून वाट पाहायची.

मग एका सकाळी सात महिन्यांची मुलगी मांडीवर असताना चुलीसमोरच तो वास आला. शुद्धीवर आले तेव्हा मुलगी सासूबाईंच्या कडेवर रडत होती. तिच्या झबल्याचा काठ जळला होता. तिला मात्र काही झाले नव्हते. माझे यजमान मागावर लुगडी विणणारे, अबोल गृहस्थ. त्या दिवशी ते माग सोडून उठले आणि मला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे मेंदूचा आलेख काढतात, म्हणाले.

सासूबाईंनी आडकाठी केली नाही, पण देवी रागावेल ही धास्ती त्यांना होतीच. निघताना त्यांनी देवीपुढच्या दिव्यातले तेल पळीभर माझ्या डोक्यावर थापले.

"देवी तुह्यासंग येते," त्या म्हणाल्या. "डोकं धुऊ नको वं."

इस्पितळात आलेख काढणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझ्या केसांत बोट घातले आणि ते चकचकीत बोट यजमानांपुढे धरले. तेलावर तारा चिकटत नाहीत, डोके साबणाने धुऊन या, नाहीतर पुढचा नंबर महिन्याने लागेल, असे सांगून ते आत गेले. मला वाटले, धुतले म्हणजे देवीला वाटेतच उतरवल्यासारखे होईल. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि यजमानांना म्हटले, देवीच अडवते आहे, परत जाऊ. तेही गोंधळले होते.

शेजारी एक धिप्पाड सिंधी बाई बसली होती. आत तिच्या भावाच्या हाताच्या नसांची तपासणी चालू होती. तिने आमचे सगळे ऐकले, पिशवीतून साबणाची नवी वडी काढली आणि माझा दंड धरून मला आवारातल्या नळाकडे चालवले. वाटेत मी तिला देवीचे सांगितले.

ती चालता चालताच म्हणाली, "देवी नाराज हो तो मेरा नाम बता देना. जरीपटका में पापड़ बेचती हूँ, कोई भी घर दिखा देगा."

मला हसू फुटले. किती महिन्यांनी, कोण जाणे. तिने मला नळाखाली वाकवले आणि आईने धुवावे तसे तीनदा डोके धुतले. साबण डोळ्यांत जाऊन पाणी येत होते, त्यात थोडे माझ्या मनातलेही होते. तसेच वाकून मी मनात म्हटले, आई, तू असशील तर तू दिस, दुखणे असेल तर दुखणे दिसू दे. काय दिसावे ते आता मी ठरवत नाही. मग त्या बाईने स्वतःच्या ओढणीने माझे केस पुसले.

आत मला खाटेवर निजवून डोक्याला पांढऱ्या लेपाने तारा चिकटवल्या. शेजारच्या यंत्रात बारीक पेनांची एक रांग सरकत्या कागदावर रेघा ओढत होती. मला विजेच्या झटक्याची भीती वाटत होती. ते गृहस्थ म्हणाले, हे यंत्र तुम्हाला काही देत नाही, तुमच्या डोक्यात चालते ते टिपून घेते. अंग सैल सोडा. त्यांनी मला दीर्घ श्वास घ्यायला लावले, डोळ्यांपुढे दिवा चमकवला. नंतर मी इतकी निवांत झाले की चक्क झोप लागली. आणि जे कळायला हवे होते ते त्या झोपेतच कागदावर उमटले.

डॉक्टरांनी कागद उलगडून दाखवला. शांत चाललेल्या रेघा मध्येच टोकदार उसळल्या होत्या. ही मिरगी आहे, बहुतेक गोळ्यांनी आटोक्यात येईल, गोळी एकही दिवस चुकवायची नाही, विस्तवापाशी आणि नदीवर एकटीने जायचे नाही, असे त्यांनी समजावले. मी धीर करून विचारले, मग देवी?

त्यांनी रेघांवर बोट ठेवले. "देवी ह्या कागदावर दिसत नाही, बाई. जे दिसते त्याला औषध आहे."

दुखणे निघाले तर मी पोरकी होईन असे मला वाटले होते. प्रत्यक्षात इतके हलके वाटले की इस्पितळाच्या पायऱ्या मी भराभर उतरले.

घरी सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि कितीतरी वेळ नातीला थोपटत बसल्या. मंगळवारी नारळवाल्या बायका आल्या, तेव्हा ओसरीवरून त्यांनीच सांगितले, "सुनेले बरं नव्हतं. देवी देवळात हाय, तिलेच इचारा."

दोन महिन्यांनी गोळ्या आणायला नागपूरला गेलो, तेव्हा आम्ही जरीपटक्यात, तिथल्या सिंधी वस्तीत, त्या बाईला शोधले. धिप्पाड पापडवाली एवढेच सांगितले, तरी घर खरोखरच पहिल्याच माणसाने दाखवले. पण मी तिला मुळीच आठवत नव्हते. यजमानांनी नळाची सगळी हकीकत सांगितली, तरी ती मान हलवत राहिली. दुसरी कुणी असेल म्हणाली, आणि वर पापडांचा पुडा माझ्या हातात कोंबला. परतीच्या एसटीत मला तिचे ते विसरून जाणेच फार मोठे वाटले. माझ्यासाठी जे आयुष्य बदलणारे होते, ते तिने सहज करून टाकले होते.

त्यानंतर एकदाच झटका आला, पुन्हा नाही. आता मागे पाहताना वाटते, मी देवीकडे उत्तर मागत होते आणि ते कसे यावे हेही मीच ठरवून बसले होते. तो हट्ट सुटला, आणि तिने साबणाची वडी घेऊन माणूस पाठवले. सासूबाई होत्या तोवर रोज सांजेला पाण्याचा पेला आणि गोळी त्याच आणून देत. मी गोळी गिळलेली पाहिल्यावरच त्या देवीपुढे हात जोडत.