नैऋत्येचा चर

घर घेताना जर्मन नोटरीनं अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवला. आम्ही नवरा-बायको ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे बरोबर, बरोबर, करत माना डोलावत बसलो. घरामागचा चर वाहता ठेवणं ही मालकाची जबाबदारी, हे वाक्य त्यातच कुठेतरी होतं. हॅम्बर्गच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेते. आणि हे नेमकं माझ्या कानाआड गेलं.

वास्तुशांतीच्या दिवशी सासऱ्यांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवायला लावलं. त्यांना चर दिसला. नैऋत्येला वाहतं पाणी चांगलं नाही, बुजवून टाका, म्हणाले. मला पटलं नव्हतं, पण कशाला वाद, म्हणून गप्प बसले. नवऱ्यानं दोन शनिवार खपून चर बुजवला, वर गवत पेरलं. राग याचा येतो, की ते गवत मलाही आवडलं.

ऑक्टोबरात पाऊस लागला तो थांबेचना. एका सकाळी शेजारच्या आजी चिखलाच्या बुटांनी दारात आल्या. ओरडल्या नाहीत, फक्त चला म्हणाल्या. त्यांच्या तळघरात घोटाभर पाणी होतं आणि वर्षाचे बटाटे त्यात बुडाले होते. त्यांच्याकडचं पाणी आमच्या चरातूनच पुढे कालव्याला जायचं.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. इथे पूर्वी नुसती दलदल होती. सरकारनं भूमिहीन गड्यांना लांब, अरुंद पट्टे आखून दिले. त्यांच्या नवऱ्याचे पूर्वज त्यातलेच. आधी चर खणायचा, घर नंतर. तोवर ओल्या काळ्या मातीच्या ढेकळांची झोपडी. त्या झोपडीत त्या पूर्वजांची दोन मुलं तापानं गेली. एकानं चर तुंबवला की वरचे सगळे पाण्यात. म्हणून अजूनही दर शरदात गावातली माणसं एकेकाचा चर तपासत फिरतात. ती माणसं या शनिवारी येणार होती.

“बुजवत होतो तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी चिडूनच विचारलं.

“तुम्हीही विचारलं नाहीत.”



संध्याकाळी सासऱ्यांना चर उघडतोय म्हणून सांगितलं, तर पुन्हा दिशा सुरू झाल्या. मी फोन घेऊन तडक आजींच्या तळघरात गेले आणि पाण्यावर तरंगणारी खोकी दाखवली.

“अहो बाबा, हे पाणी आपण घातलंय.”

पाणी उपसायच्या पंपाचं बघा आधी, ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी आम्ही दोघांनी रजा काढली. आजींनी त्यांचं लांब पात्याचं फावडं दिलं. दुपारपर्यंत माझ्या हातांना फोड आले, पण चहाच्या रंगाचं पाणी शेवटी वाट काढून निघालं. खरं सांगायचं तर मला कौतुकाचा एक शब्द हवा होता. आजींनी येऊन चरात काठी बुडवली, वर काढून पाहिली.

“अजून एक वीत.”

संतापानं मला रडूच कोसळलं.

“लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूनंही हेच म्हटलं होतं,” आजी म्हणाल्या, आणि दुसरं फावडं घेऊन चरात उतरल्या.